नव्वदची मान

१२०

"बोटं दाखव," हणमंता म्हणाला.

मी उजवा हात पुढे केला. त्यानं माझी करंगळी चिमटीत धरली, चाकाच्या तुटक्या तारेचं टोक नखाच्या मुळाशी टेकवलं आणि खाली बघत राहिला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

"टोच ना," मी म्हणालो.

"टोचून झालं लेका. रक्त आलंय."

यवतेश्वरचा घाट चढून-उतरून आम्ही गोडोलीत त्याच्या क्वार्टरच्या दारात बसलो होतो. आठ वर्षं झाली त्याला. तेव्हा माझ्या दोन्ही हातांची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट सायकलवर तासाभरात बधिर व्हायची. आधी उतरल्यावर दहा मिनिटांत परत यायची. मग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत यायची नाहीत. माझं पोट त्या बोटांवर. साताऱ्यात माझी कवळ्या बनवायची लहानशी लॅब आहे. मेण तापवायचं, सुरीनं कोरायचं, एकेक दात हिरडीत बसवायचा. आदल्या दिवशी तापलेली सुरी करंगळीला चिकटून राहिली होती. मला ते वासावरून कळलं.

हे सांगितल्यावर हणमंता आधी हसला, मग हसायचा थांबला.

"दंतोपंत, सायकल सोडा न्हाईतर धंदा सोडा."

माझं नाव विलास रेणुसे, पण आमच्या सायकल मंडळात सगळे मला दंतोपंतच म्हणायचे.

"तिसरा उपाय नाही?"

"हाय की. मान बदला."

हँडल ज्या आखूड दांडक्यानं पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला जोडलेलं असतं, त्याला बाकीचे स्टेम म्हणायचे. हणमंता मान म्हणायचा. वीतभरही नसतो तो तुकडा.

"तुझी एकशेवीस मिलिमीटरची हाय. ही सायकल आधी कुणातरी लंबूची असणार. तू हँडल धरत न्हाईस मर्दा, हँडलाला लोंबकळतोस. पंगतीत ताट कुठं असतं? हात सरळ सोडला की भातावर पडतो. ताट शेजारणीच्या पुढ्यात ठेवलं तर जेवण हुतंय का? सगळं वजन तळहातावर. नस दबती तिथं."

"मग किती हवी?"

त्यानं मला सायकलवर बसवलं, भिंतीला टेकवलं, हात ठेवायला लावले आणि बाजूला उकिडवा बसून एक डोळा मिटला. तो वीज कंपनीत वायरमन होता. खांबाखाली उभं राहून तारेचा झोळ किती हे त्याला नुसतं बघून सांगता यायचं.

"नव्वद," तो म्हणाला. "पंच्याऐंशीबी न्हाई आन् शंभरबी न्हाई."

त्याची स्वतःची सायकल आत भिंतीवर टांगलेली असायची. ती त्यानं कधी विकत घेतलीच नाही. सहा वर्षं जमवली. सांगाडा एका वर्षी, चाकं दुसऱ्या, ब्रेक तिसऱ्या. वैजयंता वहिनींना सगळं सणावारी पाठ. "चाकं आली त्या दिवाळीला मला साडी न्हाई," त्या सांगायच्या, "आन् गिअर आला त्या पाडव्याला घरात श्रीखंड न्हाई." रागानं सांगायच्या असं नाही. पाहुणा आला की त्याच सायकल दाखवायच्या.

७०

पुण्याच्या दुकानदाराला नव्वद सांगितली. त्यानं सत्तरची पाठवली आणि फोनवर म्हणाला, "नव्वदला महिना लागेल साहेब, तोवर ही चालवून घ्या."

चालवून घेतली. हँडल इतकं जवळ आलं की उठून चढ चढताना गुडघे त्यावर आपटायचे, आणि उतारावर चाक भ्यालेल्या वासरासारखं वळायचं. मेढ्याच्या रस्त्यावर एका खड्ड्याला मी सरळ गटारात गेलो. उसाची चिपाडं, काळं पाणी, त्यात फुगलेला उंदीर. तोंड मिटायच्या आत थोडं आत गेलं. हणमंता वर उभा राहून ओरडत होता, "थुक! आधी थुक, मग सायकल बघ!"

पाच आठवड्यांनी चारशे किलोमीटरची राईड होती. साताऱ्याहून बेळगावच्या अलीकडपर्यंत आणि परत. ती पुरी केली की मंडळातल्या पहिल्या फळीत जागा. मंडळाचे अध्यक्ष डॉ. दुदुस्कर, हाडांचे डॉक्टर, यांनी मला दोन वर्षं मागे ठेवलं होतं. "दंतोपंत, तुम्ही आपले इथं लिंब गावापर्यंत या आमच्याबरोबर." सगळे हसायचे. मीही हसायचो. ती हसणारी तोंडं मला ती चारशे किलोमीटर करून बंद करायची होती. दुसरं काही नाही.

९०

हणमंतानं आपल्या सायकलची नव्वदची मान काढली आणि माझ्या सायकलला लावली. माझी जुनी एकशेवीसची स्वतःला.

"दोन दिस चालवून बघ."

मी दोन दिवस चालवली. पहिल्या दिवशी नव्वद किलोमीटर, दुसऱ्या दिवशी एकशेचाळीस. संध्याकाळी लॅबमध्ये बसून वरचे पुढचे सहा दात बसवले, आणि करंगळीला मेणाचा ऊबदारपणा लागला. उठून दार लावून घेतलं आणि थोडा रडलो. कवळीसाठी रडणारा मी पहिलाच असेन.

परत द्यायला गेलो तर हणमंता पाठ धरून बसलेला.

"एकशेवीसनं पाठ दुखली ना?"

"दुखली. मग काय झालं? ठेव ती तुझ्याकडं."

"नको. तुलाही चारशेला यायचंय."

"बरं मग. पुण्याला मी सांगतो. येईल महिन्यात."

मी मान काढून दिली. चांगला वागलो. हे एवढ्यासाठी लिहिलं की त्या दिवसांत मी चांगला वागल्याची ही शेवटची नोंद आहे.

पुढच्या मंगळवारी सकाळी दाढी करताना हणमंता आरशासमोर बसला तो बसलाच. अर्ध्या गालाला साबण तसाच. सेहेचाळीस वर्षांचा होता.

मंडळाचा ग्रुप

डॉ. दुदुस्कर: आपला हणमंत गेला. शब्द नाहीत.

ओसवाल: भावपूर्ण श्रद्धांजली.

भोईटे: भावपूर्ण श्रद्धांजली.

मी: भावपूर्ण श्रद्धांजली.

(पाच दिवसांनी)

डॉ. दुदुस्कर: हणमंतच्या बाईकचं काय करायचं ते तेराव्याला बोलू. वहिनींना त्यातलं काही कळत नाही. भंगारात जायला नको.

ओसवाल: चाकं माझ्या फ्रेमला बसतील.

भोईटे: हे आत्ता बोलायचं का?

(चार मिनिटांनी)

भोईटे: गिअर कुठला होता त्याचा?

मी टाईप केलं: मान माझी. पुसलं. पुन्हा टाईप केलं. पुसलं. ग्रुपवर नुसतं दिसत राहिलं असेल की दंतोपंत काहीतरी लिहितायत.

तेरावा

बुंदीचे लाडू होते. वहिनींनी आम्हा चौघांना पुढच्या खोलीत वेगळं वाढलं, कारण आम्ही "ह्यांची सायकलवाली माणसं." डॉक्टर, कापडवाला ललित ओसवाल, इंजिनिअर भोईटे आणि मी. समोर भिंतीवर सायकल. चार जण जेवत होतो, आणि चौघांपैकी कुणीही ताटाकडे बघत नव्हता. ओसवालनं तर आमटी शर्टावर सांडली आणि त्याला कळलं नाही.

खाटेवर कोपऱ्यात तात्या, हणमंताचे वडील. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांची कवळी मीच केलेली; त्या दिवशी ती तोंडात नव्हती. गाल आत गेले होते. वहिनी त्यांना लाडू कुस्करून दुधातून भरवत होत्या.

हात धुतल्यावर डॉक्टर सायकलपाशी गेले. एका बोटानं सांगाडा वर उचलून वजन बघितलं. मग वळले.

"वहिनी, एक विनंती होती. हणमंतची आठवण आम्हा सगळ्यांकडे राहावी अशी इच्छा आहे. आम्हा सायकलवाल्यांत गेलेल्या माणसाच्या सायकलचा एकेक भाग मित्रांनी आठवण म्हणून न्यायचा असतो. म्हणजे तो रस्त्यावर राहतो. आपल्याबरोबर फिरत राहतो."

मी ते पहिल्यांदा ऐकत होतो. ओसवाल आणि भोईटेही. तिघांनीही माना डोलावल्या.

वहिनींच्या हातात दुधाची वाटी होती. त्या डॉक्टरांकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे वळल्या.

"भाऊजी, असती का तुमच्यात अशी पद्धत?"

त्या डॉक्टरांना विचारत नव्हत्या. मला विचारत होत्या. कारण मी त्यांच्या सासऱ्यांच्या तोंडात हात घालून चार वेळा माप घेतलं होतं आणि एकदाही तोंड वाकडं केलं नव्हतं.

मला नाही म्हणता आलं असतं. नाही म्हणायला एक अक्षर आणि एक काना पुरला असता. ना. मी सायकलकडे बघितलं. मान काळी, बिनचकाकीची, वर बारीक पांढऱ्या आकड्यात ९०. शनिवारी चारशेची राईड, आज रविवार. पुण्याची मान अजून यायची होती.

"असते," मी म्हणालो. "जुनी पद्धत आहे."

जुनी हा शब्द मी माझ्या पदरचा घातला. डॉक्टरांनीही घातला नव्हता.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्यानं माझ्याबद्दल आशा धरून बसायला नको. मी ती मान परत केली नाही. चारशे किलोमीटर तेवीस तासांत पुरे केले. पुण्याची मान आठ दिवसांनी आली. ती मी ओसवालला विकली. त्यानंतर सायकल दोनदा बदलली, मान तीच आहे. ती बरोबर आहे. किळस त्याचीच येते. थोडी चुकीची असती, पाच मिलिमीटर इकडे-तिकडे असती, तर मला स्वतःशी काहीतरी बोलायला जागा मिळाली असती.

वाटे

"मग न्या," वहिनी म्हणाल्या. "पद्धत असली तर न्यावंच लागंल. ह्यांचं काय राहून जायला नको."

डॉक्टरांच्या गाडीच्या डिकीत पान्ह्यांची पेटी होती. तेराव्याला येताना पान्हे आणले होते माणसानं. मला शिसारी आली, आणि तेवढ्यात माझ्या हाताला खिशातली एलन की लागली. चार नंबरची. मानेच्या स्क्रूला चारच लागते.

भोईटेनं सायकल खाली घेतली. वहिनींनी जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं अंथरली, फरशीला तेल लागू नये म्हणून. आम्ही चौघं उकिडवे बसलो. हात धुतले होते तरी बोटांना बुंदीचं तूप होतं. पान्हा घसरायचा, आणि मग साखळीचं काळं तेल त्या तुपात मिसळायचं. ओसवालला ढेकर आला. वेलदोड्याचा वास. "माफ करा," तो म्हणाला आणि चाकाची खिट्टी उपटली.

"जरा जपून, दात तुटतील."

"तुटत नाहीत हो, मूळचं जपानी आहे."

"पुढचा ब्रेक कुणाला?"

"मला मागचा हवाय, पुढचा तुम्ही घ्या."

"एकाला एकच ठरलं होतं ना?"

"जोडी मोडून कशी चालेल, इंजिनिअर?"

वर्तमानपत्रावर चार ढीग झाले.

डॉक्टर —
सांगाडा,
चिमटा, हँडल,
सीट

ओसवाल —
दोन चाकं

भोईटे —
गिअर, साखळी,
ब्रेक (जोडी)

मी —

मी स्वतः काढली. दोन स्क्रू बाजूला, एक वर, चार समोर. समोरचे चार ढिले केल्यावर झाकण निघालं आणि हँडल माझ्या मांडीवर पडलं. आत, जिथं हात पोचत नाही तिथं, घामाचं मीठ साचून पांढरी खपली धरली होती. कित्येक वर्षांचा त्याचा घाम. मी ती अंगठ्याच्या नखानं खरवडली. नखात गेली. माझ्या धंद्यात मी माणसांच्या तोंडातलं काय काय नखातून काढलेलं आहे, मला कधी काही वाटलं नाही. त्या दिवशी नख पँटला पुसलं. आठ वर्षांत ते किती वेळा पुसलं असेल.

खाटेवरून आवाज आला.

"आरं, कोण हाय ते?"

तात्या उठून बसले होते. मोतीबिंदूच्या धुरकट डोळ्यांना काय दिसलं असेल ते मला आज नीट कळतं. खाली कागद. कागदावर ढीग. भोवती उकिडवे बसलेले चार गडी, हात कोपरापर्यंत भरलेले.

"वाटं घालताय व्हय?"

आमच्या भागात चार घरं मिळून बकरं पाडतात आणि मटणाचे सारखे ढीग करून कागदावर मांडतात, त्यांना वाटे म्हणतात.

"आरं, आज तेराव्याला बकरं कुणी पाडलं?" बिनदाताच्या तोंडातून शब्द वाऱ्यासारखे येत होते, तरी कळत होते. "आज घरात मटान? लाज न्हाई वाटत? वैजू! वैजू, कोण हायती ही?"

"तात्या, मटान न्हाई," वहिनी जवळ गेल्या. "ह्यांची सायकल हाय. ही मित्रमंडळी. आठवण म्हणून एकेक नेत्यात. त्यांच्यात पद्धत हाय तशी."

"कुणाच्यात?"

"सायकलवाल्यांच्यात."

"कोण म्हनलं?"

"दंतोपंत म्हणालं."

तात्यांनी मी कुठं असेन त्या अंदाजानं मान वळवली. अंदाज थोडा चुकला, ते ओसवालकडे बघत बोलले.

"दातवालं म्हनलं व्हय," ते म्हणाले. "मग असंल." आणि परत आडवे झाले. थोड्या वेळानं भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "काळीज सगळ्या वाट्यांत थोडं थोडं घाला. एकाच्याच वाट्याला जाऊ देऊ नगा."

भोईटे उठून बाहेर गेला. त्याला ओकारी आली असं मला वाटलं. पाच मिनिटांनी आत आला तो गाडीतली गोणी घेऊन; गिअर आणि ब्रेक त्यानं गोणीत नीट भरले.

०

भिंतीवर दोन हुक राहिले. आम्ही कागद गोळा केले. डॉक्टरांनी वहिनींना नमस्कार केला. सांगाडा काखेत होता म्हणून एकाच हातानं, छातीवर.

"काही लागलं तर हक्कानं सांगा, वहिनी."

"व्हय."

आम्ही चपला शोधत होतो, तेव्हा मागून त्या म्हणाल्या,

"भाऊजी."

मी वळलो.

"पद्धतीनं बायकूला काय द्यायचं असतं?"

त्यात टोमणा नव्हता. आठ वर्षं मी तो शोधतोय. कपाळ मोकळं, पदर खांद्यावरून घट्ट घेतलेला, हाताला कुस्करलेल्या लाडवाचे कण. लग्नात विहिणीनं कुठल्या बाजूला बसायचं असं विचारावं तसं त्यांनी विचारलं. चुकू नये एवढ्यासाठी.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. ओसवालनं बघितलं. पद्धतीतला जाणता मीच ठरलो होतो. चाकं ओसवालच्या दोन्ही खांद्यांवर होती. भोईटेनं गोणी पायांमागे घेतली. मी मूठ मिटली. मूठ मिटली आणि खोलीत नजर फिरवू लागलो, की कुणालाच नको असलेलं काय उरलंय. कागदाखाली, हुकाखाली, कोपऱ्यात. सांगाड्यावरून भोईटेनं काढून फेकलेली पाण्याची बाटली खाटेच्या पायाशी आडवी पडली होती.

"बाटली," मी म्हणालो.

"हो हो, बाटली," डॉक्टर म्हणाले. "बरोबर आहे. बाटली पत्नीलाच."

वहिनी वाकल्या. दोन्ही हातांनी बाटली उचलली. पदरानं पुसली. हलवून बघितली, आत पाणी होतं.

"ह्यांनीच भरलेली," त्या म्हणाल्या. "मंगळवारी दाढी करून निघणार हुतं. लिंबू, साखर, मीठ. मला कवा करू द्यायचं न्हाईत, माप चुकतं म्हणायचं."

त्यांनी झाकण फिरवलं.

तेरा दिवस उन्हाळ्यात बंद राहिलेलं लिंबाचं पाणी. वास आधी डॉक्टरांपर्यंत गेला. त्यांनी रुमाल काढला. ओसवाल चाकांसकट दारात अडकला, "अरे सरका, सरका" म्हणत बाहेर पडला. मी डाव्या हातानं नाक दाबलं. उजव्यात मान होती.

वहिनींनी बाटली तोंडाजवळ नेली, डोळे मिटले आणि वास घेतला. मग झाकण न लावता आणखी एकदा घेतला.